स्क्लेरोडर्मा: कातडीच्या पलीकडे

गार पाण्यात हात घातला की बोटं पांढरी पडतात, मग निळी. पुढे कातडी ताठर होते, मूठ वळत नाही. स्क्लेरोडर्माची सुरुवात बहुधा अशीच. पण आजार कातडीपुरता नसतो. प्रतिकारयंत्रणा बिथरते, बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि कोलॅजन नको तिथे साठतं. अन्ननलिकेत, फुप्फुसांत, हृदयातसुद्धा.

एकेकाळी सर्वांत मोठा धसका मूत्रपिंडांचा होता. रक्तदाब एकाएकी भडकायचा आणि मूत्रपिंडं निकामी व्हायची. मग कॅप्टोप्रिल हे रक्तदाबाचं औषध आलं. त्याचं मूळ ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषाच्या अभ्यासात! अमेरिकेत त्याला १९८१ मध्ये मान्यता मिळाली. डॉ. व्हर्जिनिया स्टीन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हिशोब मांडला: मूत्रपिंडांचं हे संकट आलेल्या रुग्णांत कॅप्टोप्रिलच्या गटातली औषधं न मिळालेल्यांपैकी वर्षभर जगले १५ टक्के, मिळालेल्यांपैकी ७६ टक्के. एवढी मोठी उडी वैद्यकात क्वचितच दिसते.

स्टिरॉइडचा मोठा डोस मूत्रपिंडांचं हेच संकट ओढवून आणू शकतो, हेही पुढे कळलं. सांधे दुखतात म्हणून सर्रास स्टिरॉइड घेणं इथे महागात पडतं. म्हणूनच या आजाराचा सराव असलेला संधिवाततज्ज्ञ गाठावा. तो घरी रक्तदाब मोजायला लावतो, आणि दम लागण्याआधीच हृदयाची इको व फुप्फुसांची चाचणी ठरावीक काळाने करून घेतो.

आता जास्त बळी फुप्फुसं आणि हृदय घेतात. या आजारातल्या फुप्फुसांच्या त्रासासाठी २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झालेलं निंटेडॅनिब हे औषध फुप्फुसांचा ऱ्हास मंदावतं, थांबवत नाही. जर्मनीत एर्लांगेनला रुग्णाच्याच टी-पेशींत (प्रतिकारयंत्रणेतल्या पेशींत) बदल करून त्या परत दिल्या गेल्या. निकाल आशादायक आहेत, रुग्ण मात्र अगदी मोजके.