घुमटाखालचे लष्करी इस्पितळ

रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाळांची सहल मुंबईला गेली की छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय ठरलेले असते. मुले मूर्ती पाहतात, तलवारी पाहतात, घुमटाकडे मान वर करून बघतात आणि गेटवेकडे निघतात. पहिल्या महायुद्धात याच घुमटाखाली जखमी हिंदी शिपायांच्या खाटा होत्या, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही. कोकणातल्या मुलांना तर ते आधी सांगायला हवे.

इमारतीची पायाभरणी ११ नोव्हेंबर १९०५ रोजी इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते झाली. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी कुर्ल्याचा काळा आणि मालाडचा पिवळसर दगड वापरला आणि घुमटासाठी विजापूरचा गोलघुमट डोळ्यांसमोर ठेवला. १९१४ मध्ये इमारत तयार झाली आणि त्याच वर्षी युद्ध पेटले. संग्रह मांडायच्या आधीच सरकारने दालने ताब्यात घेतली. व्हाइसरॉयच्या पत्नीच्या नावाने तिथे ‘लेडी हार्डिंग वॉर हॉस्पिटल’ सुरू झाले. पलीकडे ताजमहाल हॉटेलातही सहाशे खाटांचे इस्पितळ थाटले गेले. उंच छत, रुंद व्हरांडे, समुद्राचा वारा: मूर्तींसाठी बांधलेली जागा आजाऱ्यांनाही मानवण्यासारखी होती.

या इमारतीचा कोकणाशी संबंध येतो तो पलटणींमुळे. रत्नागिरी हा मुंबई इलाख्याच्या फौजेचा जुना भरतीचा जिल्हा. दापोलीच्या नावाला आजही ‘कॅम्प’ चिकटलेला आहे तो तिथल्या छावणीमुळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ मूळचे मंडणगडजवळच्या आंबडव्याचे, आणि निवृत्तीनंतर ते दापोलीतच राहिले होते. मराठा पलटणींत कोकणी मराठे आणि देशावरचे मराठे अशा वेगवेगळ्या कंपन्या असत. १०३वी, ११०वी आणि ११७वी या मराठा पलटणी पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात उतरल्या.

तिथे जे झाले ते वाचताना आजही संताप येतो. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला मोठी लढाई झाली आणि चार हजारांहून अधिक माणसे कामी आली किंवा जखमी झाली. जखमींना नेण्यासाठी पुरेशा गाड्या नव्हत्या, पुरेशा होड्या नव्हत्या, पुरेसे डॉक्टरही नव्हते. ‘वरेला’ या इस्पितळी जहाजावरचे डॉक्टर मेजर मार्कहॅम कार्टर बसऱ्याला उभे होते. नदीतून ‘मेजिदिया’ नावाची बोट येताना त्यांना दिसली. तिच्या कडेवरून दोर लोंबताहेत असे लांबून वाटत होते. बोट जवळ आली तेव्हा कळले, ती वाळलेली विष्ठा होती. कित्येक दिवस जखमी आणि हगवणीचे रोगी डेकवर दाटीवाटीने पडून होते. त्यांना हलवायला, पुसायला माणूस नव्हता. कार्टर यांनी हे वरिष्ठांना लिहून कळवले, तेव्हा त्यांनाच अटकेची धमकी मिळाली. पण ते हटले नाहीत. पुढे चौकशी समित्या बसल्या आणि १९१७ मध्ये अहवाल बाहेर आल्यावर भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

टेसिफॉनहून मागे हटलेली फौज कूत-अल-अमाराला अडकली आणि तिथल्या सुमारे पाच महिन्यांच्या वेढ्यात तर उपासमार झाली. गोऱ्या सैनिकांनी घोड्याचे मांस खाल्ले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी धर्मापायी ते बराच काळ नाकारले आणि त्यांच्यात स्कर्व्हीची साथ पसरली. हिरड्या सुजून रक्त येई, जुन्या जखमा पुन्हा उघडत. उलट, पांढऱ्या पिठाचा पाव खाणाऱ्या गोऱ्यांना बेरीबेरी झाला, जाड्या आट्यावरच्या शिपायांना तो झाला नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडले आणि उरलेले कैदेत गेले.

बसऱ्याहून निघालेली इस्पितळी जहाजे मुंबईला लागत. कोकणातल्या माणसाला ते जवळजवळ घरच. इथून पुढे भाऊच्या धक्क्यावरची आगबोट आणि बंदराबाहेरून किनाऱ्याला उतरवणारा पडाव, एवढेच अंतर उरत असे. पावसाळ्यात मात्र बोटी बंद, म्हणून तेही दूर.

संग्रहालयातले हे इस्पितळ वेगळे होते ते आणखी एका कारणाने. तोवर हिंदी शिपायाला पलटणीचे छोटे इस्पितळच मिळत असे. गोऱ्या सैनिकांना सुसज्ज स्टेशन हॉस्पिटले होती, तशी सोय हिंदी सैनिकांसाठी सर्वत्र करण्याचा निर्णय १९१८ मध्ये झाला. मेसोपोटेमियात माणसे तशी मेली नसती तर तोही लांबला असता, असे मला वाटते.

हात-पाय गमावलेल्यांसाठी १९१७ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघाले. पुढे ते खडकीला गेले आणि अपंग सैनिकांना हातचा धंदा शिकवण्याचे काम तिथे आजही चालते. कृत्रिम अवयव बसवणारे लष्करी केंद्र पुण्यात १९४४ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, उभे राहिले. १९७१च्या युद्धात पाय गमावलेले इयान कार्डोझो तिथूनच कृत्रिम पाय घेऊन पुन्हा फौजेत रुजू झाले आणि त्यांनी पलटणीचे नेतृत्व केले.

संग्रहालयाची इमारत १९२० मध्ये परत मिळाली आणि १० जानेवारी १९२२ रोजी लोकांसाठी उघडली. लष्करी उपचारांची मोठी ठिकाणे मात्र मुंबई-पुण्यातच राहिली. कुलाब्याच्या नौदल रुग्णालयाला १९५१ मध्ये ‘अश्विनी’ हे नाव मिळाले, आणि रत्नागिरीतला माजी सैनिक मोठ्या शस्त्रक्रियेसाठी अजूनही त्याच वाटेने निघतो, आता आगबोटीऐवजी कोकण रेल्वेने.