विश्लेषण : भरवशाच्या जुन्या खेळाडूला ‘ट्रेड’ करणे शहाणपणाचे असते का? अजिंक्य रहाणेचे उदाहरण काय सांगते?

पनवेल : चेन्नई सुपर किंग्जने १५ नोव्हेंबर २०२५ रोजी रवींद्र जडेजाला राजस्थान रॉयल्सकडे दिले आणि बदल्यात संजू सॅमसनला घेतले. जडेजासोबत सॅम करनही राजस्थानला गेला. २०२३च्या अंतिम सामन्यात शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार आणि चौकार मारून चेन्नईला चषक मिळवून देणारा खेळाडू संघाने असा सोडावा, हे अनेक चाहत्यांना पचले नाही. दुसऱ्या बाजूने, ३७व्या वर्षात पोहोचत आलेल्या खेळाडूच्या बदल्यात ३१ वर्षांचा यष्टिरक्षक-फलंदाज मिळत असेल तर तो सोडायचा का, असाही सवाल होता.

हा पेच फक्त आयपीएलपुरता नाही. पनवेल-उरण पट्ट्यातल्या टेनिस क्रिकेटच्या गावपातळीवरील लीगमध्येही आता खेळाडूंचा लिलाव होतो. कित्येक वर्षे संघासाठी खेळलेला गडी ठेवायचा की त्याच्या जागी ताजा दम घ्यायचा, यावर तिथेही वाद झडतात. अशा वेळी नेमके काय तपासायला हवे? त्यासाठी महाराष्ट्राच्या ओळखीचे एक जुने प्रकरण पाहणे उपयोगाचे आहे : २०१९मधील अजिंक्य रहाणेचा ट्रेड.

ट्रेड म्हणजे नेमके काय?

आयपीएलमध्ये संघ बदलण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला लिलाव. दुसरा ट्रेड, म्हणजे दोन संघांनी लिलावाबाहेर आपसात केलेला व्यवहार. ट्रेड दोन प्रकारे होतो. एक, खेळाडूंची अदलाबदल. दोन, थेट पैशांचा व्यवहार, ज्यात घेणारा संघ खेळाडूचे मानधन स्वतःकडे घेतो. हार्दिक पंड्या नोव्हेंबर २०२३मध्ये गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे परतला तो दुसऱ्या प्रकाराने. पालघरचा शार्दूल ठाकूर नोव्हेंबर २०२५मध्ये लखनऊकडून मुंबईत आला तोही असाच, २ कोटी रुपयांना.

हंगाम संपल्यावर साधारण महिन्याने ट्रेडची खिडकी उघडते आणि लिलावाच्या आठवडाभर आधी बंद होते. लिलावानंतर ती पुन्हा उघडते, पण नुकत्याच झालेल्या लिलावात घेतलेला खेळाडू त्याच हंगामापूर्वी ट्रेड करता येत नाही. अदलाबदलीतील खेळाडूंच्या मानधनात फरक असेल तर तो दोन्ही संघांच्या शिल्लक रकमेत जमा-वजा होतो.

खेळाडूला ‘नाही’ म्हणता येते का?

होय. खेळाडूच्या संमतीशिवाय ट्रेड होत नाही. मात्र करार चालू असताना खेळाडूने परस्पर दुसऱ्या संघाशी बोलणी करणे नियमात बसत नाही. खुद्द जडेजाला याच कारणावरून २०१०च्या संपूर्ण हंगामाला मुकावे लागले होते.

कागदावर संमती असली तरी खेळाडूची बाजू तितकी भक्कम नसते. त्याने नकार दिला तर संघ त्याला करारमुक्त करू शकतो. मग तो लिलावात जातो आणि तिथे तिशी ओलांडलेल्या फलंदाजाला काय बोली लागेल याची खात्री नसते. म्हणून ट्रेडला होकार देणे हा अनेकदा दोन जोखमींपैकी कमी जोखीम निवडण्याचा प्रकार असतो.

रहाणेबाबत २०१९मध्ये काय घडले?

संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दचा आणि डोंबिवलीत वाढलेला रहाणे २०११मध्ये राजस्थान रॉयल्समध्ये आला. राजस्थानवर दोन वर्षांची बंदी होती त्या काळात तो पुण्याच्या संघाकडून खेळला. बंदी उठल्यावर २०१८च्या लिलावात राजस्थानने ४ कोटी रुपये मोजून त्याला परत घेतले आणि कर्णधारही केले. त्या हंगामात संघ बाद फेरीत पोहोचला.

पुढच्याच वर्षी चित्र पालटले. एप्रिल २०१९मध्ये हंगाम सुरू असतानाच रहाणेचे कर्णधारपद काढून स्टीव्ह स्मिथला देण्यात आले. दोनच दिवसांनी रहाणेने दिल्लीविरुद्ध नाबाद १०५ धावा केल्या, पण राजस्थान हरले. त्या हंगामात त्याने ३९३ धावा केल्या आणि धावगती होती शंभर चेंडूंमागे जवळपास १३८. आधीच्या वर्षी हीच धावगती ११८ होती. म्हणजे सुधारणा स्पष्ट होती.

तरीही १४ नोव्हेंबर २०१९ रोजी राजस्थानने त्याला दिल्ली कॅपिटल्सकडे दिले. बदल्यात मयंक मार्कंडे आणि राहुल तेवतिया हे दोन लेगस्पिनर घेतले. त्या वेळी राजस्थानकडून १०० सामन्यांत २,८१० धावा रहाणेच्या नावावर होत्या. संघाच्या इतिहासात त्याहून जास्त धावा कोणाच्याच नव्हत्या.

मग असा खेळाडू का सोडला?

संघाची रचना पाहिली तर तर्क लक्षात येतो. जोस बटलर, स्मिथ, सॅमसन, बेन स्टोक्स अशी वरच्या क्रमातल्या फलंदाजांची गर्दी राजस्थानकडे होती. खालच्या क्रमावर फटकेबाजी करून चार षटके टाकू शकेल असा भारतीय खेळाडू मात्र हवा होता. रहाणेची ताकद नव्या चेंडूसमोर डाव बांधण्यात. नेमके हेच काम करणारे संघात आधीच चौघे होते.

गंमत अशी की दिल्लीचीही स्थिती फार वेगळी नव्हती. शिखर धवन, पृथ्वी शॉ, श्रेयस अय्यर, ऋषभ पंत अशी वरची फळी तिथेही भरलेली होती. राजस्थानने गर्दीतून एक जण कमी केला, तर दिल्लीने गर्दीत एकाची भर घातली.

फायदा कोणाचा झाला?

पहिल्या नजरेत राजस्थानचा. २७ सप्टेंबर २०२० रोजी शारजात पंजाबविरुद्ध २२४ धावांचा पाठलाग करताना सुरुवातीला चाचपडणाऱ्या तेवतियाने शेल्डन कॉट्रेलच्या एका षटकात पाच षटकार ठोकले आणि सामना फिरवला. हंगामात त्याने २५५ धावा आणि १० बळी अशी दुहेरी कामगिरी केली. तिकडे रहाणे दिल्लीच्या १७ पैकी ९ सामन्यांत खेळला आणि त्याच्या धावा झाल्या ११३.

पण गुणतक्ता उलटे सांगतो. राजस्थान २०२०मध्ये आठव्या, म्हणजे शेवटच्या स्थानावर राहिले. दिल्ली पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोहोचली. त्यात रहाणेचा वाटा छोटा वाटला तरी नेमक्या जागी होता. २ नोव्हेंबरला बंगळूरुविरुद्धच्या शेवटच्या साखळी सामन्यात त्याने ६० धावा केल्या, दिल्ली जिंकली आणि दुसरे स्थान मिळाले. पहिल्या दोन संघांना बाद फेरीत एक पराभव परवडतो. दिल्ली पुढचाच सामना मुंबईकडून हरली, तरी त्या दुसऱ्या स्थानामुळे आणखी एक संधी मिळून अंतिम फेरीत गेली.

त्यामुळे ‘कोण जिंकले’ याचे सरळ उत्तर निघत नाही. तेवतियाने राजस्थानची एक जागा भरली, पण एक जागा भरल्याने संघ सुधारला नाही. रहाणे दिल्लीला बहुतांश काळ नकोसा झाला, पण ज्या दिवशी गरज होती त्या दिवशी उभा राहिला. २०२१मध्ये मात्र दिल्लीने त्याला दोनच सामने दिले आणि त्यानंतर सोडून दिले.

रहाणेचे पुढे काय झाले?

या प्रकरणातील सर्वात महत्त्वाचा भाग इथे आहे. २०२२मध्ये कोलकात्याने त्याला १ कोटीला घेतले. सात सामन्यांत १३३ धावा झाल्या, दुखापत झाली आणि त्याच वर्षी भारताच्या कसोटी संघातील जागाही गेली. २०२३च्या हंगामासाठी चेन्नईने त्याला ५० लाखांच्या मूळ किमतीत घेतले.

८ एप्रिल २०२३ रोजी वानखेडेवर मुंबईविरुद्ध त्याला तिसऱ्या क्रमांकावर संधी मिळाली. त्याने १९ चेंडूंत अर्धशतक आणि २७ चेंडूंत ६१ धावा केल्या. हंगामअखेर त्याच्या खात्यावर ३२६ धावा होत्या, धावगती १७२. चेन्नई विजेती ठरली. जूनमध्ये कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यासाठी त्याला परत बोलावले गेले आणि ओव्हलवर त्याने ८९ आणि ४६ धावा केल्या.

ही वाटचाल सरळ रेषेत चालली असेही नाही. २०२४मध्ये चेन्नईकडून २४२ धावाच झाल्या आणि संघाने त्याला ठेवले नाही. पण त्यानंतरच्या सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत त्याने मुंबईसाठी ४६९ धावा करून मालिकावीराचा मान मिळवला. २०२५मध्ये कोलकात्याने त्याच्याकडे कर्णधारपद दिले आणि त्याने ३९० धावा केल्या.

खेळाडू थकला होता की त्याची भूमिका?

३१व्या वर्षी ट्रेड झालेला रहाणे ३४व्या वर्षी कारकिर्दीतील सर्वात वेगवान आयपीएल हंगाम खेळला. मधल्या काळात त्याचे वय वाढलेच होते. बदलले होते ते काम. आधी पूर्ण डाव सांभाळायचा, एक बाजू लावून धरायची, ही अपेक्षा असायची. चेन्नईत मागे शिवम दुबे, जडेजा, धोनी असे फटकेबाज बसलेले असल्याने पहिल्या सहा षटकांत बाद होण्याची भीती बाळगायचे कारण उरले नाही.

भरवशाच्या खेळाडूबाबत संघांची इथेच गफलत होते. धावा कमी पडल्या की खेळाडू संपला असे मानले जाते. प्रत्यक्षात अनेकदा वर्षानुवर्षे त्याला दिलेले काम जुने झालेले असते. भूमिका बदलून पाहणे फुकटात होते. ट्रेड एकदा झाला की परत फिरवता येत नाही.

इतर खेळांत काय अनुभव आहे?

‘ट्रेड’ ही पद्धत मूळची उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक लीगची. तिथल्या आइस हॉकीतील एक उदाहरण या पेचाला अगदी जवळचे आहे. जॅरोम इगिन्ला हा कॅलगरी फ्लेम्सचा उजव्या बगलेचा आक्रमक. १६ हंगाम, ५२५ गोल आणि २००३पासून कर्णधार. मार्च २०१३मध्ये, ३५व्या वर्षी, कॅलगरीने त्याला पिट्सबर्गकडे दिले आणि बदल्यात दोन नवोदित खेळाडू व नव्या खेळाडूंच्या निवडीतील पहिल्या फेरीचा एक हक्क घेतला.

कॅलगरीला मिळालेल्यांपैकी कोणीही संघाचा आधार बनला नाही. पिट्सबर्गलाही चषक मिळाला नाही. उपांत्य फेरीत बोस्टनने त्यांना ४-० असे हरवले. इगिन्लाला कराराने संघ निवडण्याचा अधिकार होता आणि त्याने बोस्टनऐवजी पिट्सबर्ग निवडले होते. कॅलगरीची खरी चूक दिल्याची की उशिरा दिल्याची, यावर तिथे वाद झाले. करार संपत आलेल्या पस्तिशीतल्या खेळाडूची बाजारातील किंमत तोवर उतरलेली असते.

पैशाचे गणित किती महत्त्वाचे?

आयपीएलमध्ये प्रत्येक संघाच्या खर्चाला मर्यादा आहे. २०२६च्या हंगामासाठी ती १२५ कोटी रुपये. चेन्नई जडेजाला १८ कोटी देत होती, म्हणजे एकूण रकमेचा सातवा भाग एकट्यावर. राजस्थानकडे जाताना त्याचे मानधन १४ कोटी ठरले. सॅमसन चेन्नईत १८ कोटींवरच आला.

यातून दिसते की संघ खेळाडूला नव्हे तर त्याच्या किमतीला नको म्हणत असतो, असेही घडते. २०२५मध्ये जडेजाने ३०१ धावा आणि १० बळी घेतले होते. कामगिरी वाईट नव्हती, पण संघ तळाला होता आणि धोनीनंतरच्या यष्टिरक्षकाची जागा रिकामी होऊ घातली होती. दुसरीकडे राजस्थानला आपला जुना खेळाडू परत मिळाला. १ जून २००८ रोजी नेरुळच्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमवर, म्हणजे पनवेलहून हार्बर लोकलने सहाव्या स्थानकाशेजारी, राजस्थानने पहिली आयपीएल जिंकली तेव्हा त्या संघात १९ वर्षांचा जडेजा होता.

मग ट्रेड करावा की नाही?

रहाणे, इगिन्ला आणि जडेजा या तिघांकडे एकत्र पाहिले तर संघाने आधी तीन गोष्टी तपासाव्यात असे दिसते. पहिली, खेळाडूची भूमिका बदलून पाहिली आहे का? राजस्थानने रहाणेबाबत ते पुरेसे केले नाही, चेन्नईने केले. दुसरी, येणारा खेळाडू रिकामी जागा भरतो की भरलेल्या जागेत गर्दी करतो? दिल्लीचा हिशेब इथे चुकला. तिसरी, वेळ. द्यायचेच असेल तर किंमत असताना द्यावे. कॅलगरीला ते जमले नाही.

या तिन्हींची उत्तरे ट्रेडच्या बाजूने असतील तर शंभर सामन्यांची निष्ठाही आड येऊ नये. तेवतियासारखा खेळाडू मिळवण्याचा तो योग्य मार्ग ठरू शकतो. पण केवळ एका हंगामात धावा आटल्या म्हणून किंवा चाहते नवा चेहरा मागतात म्हणून जुना गडी देऊन टाकला, तर तो तीन वर्षांनी दुसऱ्या रंगाच्या जर्सीत, ५० लाखांत, चषक उचलताना दिसू शकतो.