सेकंड बेसवरचा गुडघा

२०१० च्या उन्हाळ्यातली गोष्ट. अमेरिकेतल्या बोस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाचा सराव चालू होता आणि मैदानात एक खेळाडू चक्क गुडघ्यांवर बसून जमिनीलगत येणारे चेंडू अडवत होता. त्याच्या डाव्या पावलातले हाड मोडले होते. त्या पायावर भार टाकायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. त्याने सांगितलेले ऐकले, पाऊल टेकवले नाही. गुडघे टेकवले.

हा डस्टिन पेड्रोया. उंची कागदोपत्री पाच फूट नऊ इंच. प्रत्यक्षात त्याहून कमी असावी असे त्याच्या शेजारी उभे राहणाऱ्यांचे मत. त्या दिवसाचे छायाचित्र क्रीडापानांवर जिद्दीचा नमुना म्हणून गाजले. आरोग्याच्या पानावरून त्याकडे पाहिले, तर मात्र जरा वेगळे दिसते.

आपल्याकडे बेसबॉल फारसा पाहिला जात नाही, म्हणून थोडे मैदानाविषयी. चार 'बेस' हिऱ्याच्या आकारात मांडलेले असतात, एकापासून दुसरा ९० फुटांवर, म्हणजे साधारण २७ मीटरवर. या हिऱ्याच्या आसपास उभे राहणारे क्षेत्ररक्षक म्हणजे इनफिल्डर. त्यांत दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप आणि पहिल्या-दुसऱ्याच्या मधला सेकंड बेसमन यांचे काम सर्वांत धावपळीचे. फलंदाजाला पहिल्या बेसवर पोहोचायला चार-साडेचार सेकंद लागतात. तेवढ्यात चेंडू अडवायचा, हातमोज्यातून काढायचा आणि फेकायचा. एकाच चेंडूवर दोघांना बाद करायचे असेल, तर सेकंड बेसमनला बेसवर येऊन, चेंडू घेऊन, अंग वळवून पहिल्या बेसकडे फेकावा लागतो. त्याच वेळी समोरून धावपटू घसरत त्याच्या पायांवर येत असतो. सारे वजन डाव्या पायावर, शरीर वळलेले, आणि नजर भलतीकडे. गुडघ्यासाठी याहून वाईट क्षण शोधून सापडणार नाही.

पेड्रोया १९८३ साली कॅलिफोर्नियातल्या वुडलँड या गावी जन्मला. आईवडिलांचे टायरचे दुकान होते. शाळेतून तो ॲरिझोना स्टेट विद्यापीठात गेला आणि २००२ ते २००४ अशी तीन वर्षे तिथे इनफिल्डर म्हणून खेळला. त्याच्याच संघात इयन किन्सलर नावाचा दुसरा तेवढाच गुणी इनफिल्डर होता. शॉर्टस्टॉपची जागा पेड्रोयाने मिळवली, आणि किन्सलर पुढे दुसऱ्या विद्यापीठात निघून गेला. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे.

अमेरिकी कॉलेज बेसबॉलचा एक हिशेब बाहेरच्यांना ठाऊक नसतो. त्या काळी वरच्या श्रेणीतल्या विद्यापीठाला या खेळासाठी ११.७ शिष्यवृत्त्या देता येत. पूर्ण संघात त्या वाटायच्या, म्हणजे बहुतेकांच्या वाट्याला अर्धी किंवा पाव. संघाला चांगले गोलंदाज हवे होते आणि द्यायला पैसे उरले नव्हते, तेव्हा पेड्रोयाने आपली उरलेली शिष्यवृत्ती सोडून दिली. कॉलेजातल्या तीन वर्षांत त्याची फलंदाजीची सरासरी .३८४ होती, म्हणजे दर हजार संधींमागे ३८४ यशस्वी फटके. हजारात तीनशे जमले तरी चांगला फलंदाज म्हणतात.

तरीही २००४ च्या निवडीत त्याचे नाव आले ते ६५ वे. उंची आड आली, आणि कॉलेजातली बॅटही. कॉलेजात धातूची पोकळ बॅट चालते. चेंडू आदळला की तिचा पत्रा किंचित दबून परत उसळतो आणि चुकीच्या जागी लागलेला चेंडूही बऱ्यापैकी लांब जातो. व्यावसायिक खेळात बॅट लाकडाचीच लागते. तिथे चूक झाली की चेंडू रेंगाळतो किंवा बॅटच मोडते. एवढासा मुलगा, इतक्या जोराने बॅट फिरवतो, लाकडाने याचे काय होणार, अशी शंका होती. हाताची फेक शॉर्टस्टॉपच्या लांब पल्ल्याला पुरेल का, हीसुद्धा. रेड सॉक्सने त्याला सेकंड बेसवर आणले, कारण तिथून पहिल्या बेसपर्यंतची फेक आखूड असते. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीला वळण देणारा आणि पुढे त्याचा गुडघा धोक्यात घालणाराही निर्णय हाच.

२००६ मध्ये मुख्य संघात आल्यावर ३१ सामन्यांत सरासरी .१९१. पुढच्या वर्षीचा पहिला महिनाही तसाच गेला. प्रशिक्षक टेरी फ्रँकोना यांनी त्याला बसवले नाही. हंगामाच्या शेवटी सरासरी .३१७ झाली, सर्वोत्कृष्ट नवोदिताचा मान आणि वर्ल्ड सीरिजचे विजेतेपद मिळाले. २००८ मध्ये तो अमेरिकन लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला.

आता दुखापतींकडे येऊ. २००७ च्या सप्टेंबरपासून तो डाव्या हातातले हॅमेट हे हाड मोडलेले असताना खेळत होता, हे हंगाम संपल्यावर कळले. मनगटातल्या आठ छोट्या हाडांपैकी हे एक. त्याला आकड्यासारखा एक भाग असतो आणि बॅटच्या दांड्याचे टोक नेमके तिथे दाबले जाते. बॅट आणि गोल्फची काठी फिरवणाऱ्यांची ही नेहमीची दुखापत. साध्या एक्स-रेमध्ये ती अनेकदा दिसतही नाही. या आकड्याला रक्तपुरवठा तुटपुंजा, त्यामुळे तो नीट जुळत नाही; बहुधा तुटलेला तुकडा काढून टाकतात आणि खेळाडू काही आठवड्यांत परततो.

२०१० मध्ये मोडले ते पावलातले नॅव्हिक्युलर, नावेच्या आकाराचे हाड. आपल्याच बॅटला निसटता लागलेला चेंडू पायावर आदळला, तोही एकाच सामन्यात तीन होमरन ठोकल्याच्या दुसऱ्या दिवशी. याही हाडाच्या मधल्या भागात रक्त कमी पोहोचते. ऑगस्टमध्ये तो परतला, दोन सामने खेळला, पुन्हा दुखू लागले आणि अखेर शस्त्रक्रिया करून स्क्रू बसवावा लागला. २०१३ च्या पहिल्याच सामन्यात अंगठ्याचा अस्थिबंध फाटला. तसाच तो १६० सामने खेळला, संघाने वर्ल्ड सीरिज जिंकली आणि मग अंगठ्यावर शस्त्रक्रिया झाली.

हे सगळे निभावले, कारण हाडे आणि अस्थिबंध कमी-जास्त प्रमाणात जिवंत रक्ताशी जोडलेले असतात. शिवाय दुखतात. दुखणे हा त्यांचा निरोप असतो. गुडघ्यातल्या कूर्चेजवळ या दोन्ही गोष्टी नाहीत.

मांडीच्या आणि नडगीच्या हाडांच्या टोकांवर दोन ते चार मिलिमीटर जाडीचे पांढरे, गुळगुळीत आवरण असते, ती कूर्चा. तिच्या वजनाचा बहुतांश भाग पाणी. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. पेशी अगदी विरळ. त्यांना पोषण मिळते ते सांध्यातल्या द्रवातून. आपण चालतो तेव्हा कूर्चा स्पंजासारखी दाबली जाते आणि सुटते, त्या दाबाबरोबर द्रव आत-बाहेर होतो. म्हणून रोजचे चालणे तिला मानवते. ('चाललो की गुडघे झिजतात' म्हणून खुर्चीत बसून राहणाऱ्यांनी एवढे वाक्य पुन्हा वाचावे.) पण एकदा तिचा टवका उडाला, की तिथे रक्त येत नाही, खपली धरत नाही, नव्या पेशी येत नाहीत. विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हेच मांडले होते: कूर्चा एकदा नष्ट झाली की ती भरून येत नाही. पावणेतीनशे वर्षांनंतरही मूळ अडचण तीच आहे. दुखू लागते ते कूर्चा झिजून खालच्या हाडावर ताण आल्यावर, किंवा सांध्याचे अस्तर सुजल्यावर. तोवर नुकसान झालेले असते.

पेड्रोयाच्या डाव्या गुडघ्यावर २०१६ च्या ऑक्टोबरमध्येच दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली होती. आतल्या बाजूच्या मेनिस्कसचा, म्हणजे दोन हाडांमधल्या चंद्रकोरीसारख्या गादीचा, फाटलेला भाग काढला होता. ही गादी कमी झाली की कूर्चेवर पडणारा भार वाढतो. त्यानंतर सहाच महिन्यांनी, २१ एप्रिल २०१७ रोजी, बाल्टिमोरमध्ये मॅनी मचाडो घसरत सेकंड बेसवर आला आणि त्याच्या बुटाचे खिळे पेड्रोयाच्या डाव्या पायात घुसले. बेसवर घसरत येण्याचे नियम जेमतेम वर्षभरापूर्वी कडक झाले होते. २०१५ मध्ये अशाच एका प्रसंगी रुबेन तेहादाचा पाय मोडला होता. दोन दिवसांनी रेड सॉक्सच्या गोलंदाजाने सूड म्हणून मचाडोच्या डोक्याजवळून चेंडू टाकला, तेव्हा पेड्रोयाने लांबूनच त्याला ओरडून सांगितले की यात माझा हात नाही.

बोस्टनचे चाहते आजही त्या एका धडकेला दोष देतात. आधीची शस्त्रक्रिया आणि दशकभराचे वळणे-फेकणे पाहता, सगळे खापर तिथे फोडणे मला पटत नाही. तो मोसम पेड्रोया १०५ सामने खेळला आणि ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याच्या गुडघ्यात मृत दात्याची कूर्चा बसवण्यात आली.

या शस्त्रक्रियेत खराब भाग खालच्या हाडासह कोरून काढतात आणि दात्याच्या गुडघ्यातला त्याच वक्रतेचा तुकडा तिथे घट्ट बसवतात. मूत्रपिंडासारखे रक्तगट जुळवणे किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे लागत नाहीत, कारण रक्तच पोहोचत नसल्याने शरीराच्या पहारेकऱ्यांना कूर्चेतला परका फारसा दिसत नाही. जी उणीव, तीच इथे सोय. मात्र पेशी जिवंत हव्यात, म्हणून तुकडा थंड ठेवून साधारण चार आठवड्यांच्या आत वापरावा लागतो आणि मापाचा दाता मिळेपर्यंत थांबावे लागते. मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या टिश्यू बँकेत दात्यांची हाडे गॅमा किरणांनी निर्जंतुक करून ठेवतात. ती वेगळी गोष्ट, त्यात पेशी जिवंत नसतात. शिवाय हा उपाय तरुण गुडघ्यातल्या एखाद्या ठिकाणच्या खड्ड्यासाठी आहे. साठीनंतर सगळा सांधा झिजला असेल, तर त्याचा उपयोग नाही, जाहिरातीत काहीही म्हणोत.

सात महिन्यांत परत येऊ, असा अंदाज होता. २०१८ मध्ये पेड्रोया तीन सामने खेळू शकला. त्याची जागा भरायला संघाने त्या जुलैअखेर ज्याला आणले, तो होता इयन किन्सलर. त्याच वर्षी रेड सॉक्सने वर्ल्ड सीरिज जिंकली. मोसमाच्या अखेरीस पेड्रोयाने पत्रकारांना सांगितले की आज कळते ते तेव्हा कळले असते, तर ही शस्त्रक्रिया करून घेतली नसती. शस्त्रक्रिया फसली असे यावरून म्हणता येत नाही. दात्याच्या कूर्चेने असंख्य लोक जिने चढू लागतात, सायकल चालवतात. पण रोज रात्री त्याच पायावर वळून चेंडू फेकणे हा वेगळा भार आहे.

२०१९ मध्ये आणखी सहा सामने. १७ एप्रिलला यांकी स्टेडियममध्ये दुसऱ्याच डावात गुडघ्यात काहीतरी सटकल्यासारखे झाले आणि तो बाहेर पडला. त्या उन्हाळ्यात पुन्हा शस्त्रक्रिया, आणि डिसेंबर २०२० मध्ये अर्धा गुडघा बदलण्यात आला, धातू आणि प्लास्टिकचा. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. १ फेब्रुवारी २०२१ रोजी त्याने निवृत्ती जाहीर केली: १,५१२ सामने, १,८०५ फटके, सरासरी .२९९.