दहा हजार ट्यूलिप आणि पऱ्हाटीचं एक बोंड

ॲना रिडलर ही ब्रिटिश कलावंत 2018 साली ट्यूलिपच्या हंगामात नेदरलँड्समध्ये मुक्कामाला होती. एक फूल, मागे काळी पार्श्वभूमी, एक फोटो. असे दहा हजार फोटो तिने काढले. मग त्यांच्या छापील प्रतींवर स्वतःच्या अक्षरात नोंदी केल्या: रंग कोणता, कळी आहे की फूल उमललंय, पाकळ्यांवर पट्टे आहेत का. भिंतभर लावलेले हे फोटो म्हणजे तिची 'मिरियड' ही कलाकृती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या 'नेचर मोर्त' कलादालनात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कलेचं प्रदर्शन भरलं, त्यातही रिडलरचं काम होतं.

हे फोटो यंत्राला शिकवायला वापरले ते 'गॅन' नावाच्या पद्धतीने. इयान गुडफेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 2014 मध्ये मांडली. यात दोन प्रोग्रॅम एकमेकांसमोर उभे असतात. एक चित्र बनवतो, दुसरा ते खरं की बनावट ते ठरवतो. कापूस खरेदीच्या केंद्रावर ग्रेडर जसा गाडीतली मूठभर सरकी-कापूस हातात घेऊन, धागा ओढून पाहतो, तसा हा दुसरा. पहिल्याला खरं फूल कधीच दाखवत नाहीत. त्याला मिळतो फक्त दुसऱ्याचा निकाल. सुरुवातीला तो निव्वळ ठिपक्यांचा गोंधळ देतो आणि तो लगेच पकडला जातो. चूक कुठल्या दिशेला झाली हे आकड्यांत परत येतं, त्यानुसार पहिल्या प्रोग्रॅमच्या आतले आकडे किंचित हलतात, पुन्हा प्रयत्न होतो. हजारो फेऱ्यांनंतर असं ट्यूलिप तयार होतं, जे कुठल्याच वाफ्यात उगवलेलं नाही, पण ओळखू येतं.

पुढची पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते. 'मोझॅइक व्हायरस' या कलाकृतीत रिडलरने फुलावरचे पट्टे बिटकॉइनच्या भावाला जोडले. भाव चढला की पट्टे वाढतात. सतराव्या शतकात एका विषाणूमुळे पट्टे उमटलेल्या ट्यूलिपांना वेड्यासारखा भाव मिळत होता आणि फेब्रुवारी 1637 मध्ये तो बाजार कोसळला. भाव आणि रोग, दोन्ही एकाच पाकळीवर.

यवतमाळ जिल्ह्यात हे सगळं कापसात आहे, आणि म्हणून इथल्या कुणी तरुण छायाचित्रकाराने हे काम हाती घ्यावं असं मला मनापासून वाटतं. राळेगाव, घाटंजी, पांढरकवडा, कुठेही सुरुवात करता येईल. साधा मोबाइल चालेल, फक्त अंतर, उजेड आणि मागचं काळं कापड बदलू नये. नाहीतर यंत्र बोंडाऐवजी सावल्याच शिकेल. फोटो काही हजार तरी हवेत, कारण थोडक्या फोटोंवर शिकलेलं यंत्र नवं काही न करता तेच फोटो पाठ म्हणून दाखवतं.

खरं काम नोंदींचं. पहिला वेचा की फरदड, म्हणजे हंगामानंतरही राखलेल्या पिकाचा कापूस? बोंड पूर्ण फुटलंय की अर्धवट? कवडी, म्हणजे नीट न फुटलेला किडका कापूस, आहे का, पावसाने पिवळं पडलंय का, गुलाबी बोंडअळीचं भोक दिसतंय का? 2017 च्या हंगामात या अळीने विदर्भाची वाट लावली, पण नोंदीत 'कवडी' हा रकानाच नसेल तर यंत्राला बोंडाची ती खूण मागताच येणार नाही. आणि फोटो फक्त पांढऱ्याशुभ्र पहिल्या वेच्याचे असतील, तर त्याच्या लेखी कापसाला कीड लागतच नाही. हे रकाने वेचणाऱ्या बायांना सोबत घेऊन ठरवावेत. बोंड हाती येताच कवडी बाजूला काढणारे हात त्यांचे आहेत, तेव्हा कलाकृतीवर, त्यांची संमती घेऊन, नावंही त्यांची यावीत.

पट्ट्यांच्या जागी मग डाग, आणि बिटकॉइनच्या जागी बाजार समितीतला रोजचा भाव. 2024-25 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता. भाव त्याच्या जितका खाली, तितका पडद्यावरच्या बोंडावर डाग गडद. वर गेला की बोंड स्वच्छ. एवढी जोडणी प्रोग्रॅममध्ये काही ओळींत होते. वेळ लागतो तो शेतात, दिवाळीच्या आसपासच्या पहिल्या वेच्यापासून पऱ्हाटी उपटेपर्यंत.