झाड कोणाचे, पाणी कोणाचे?

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर गावोगावी वृक्षारोपणाचे समारंभ होतात, भाषणे होतात, आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत नवी रोपे लावण्याची वेळ येते. मग शहाणीसुरती माणसे निष्कर्ष काढतात, की खेडुताला पर्यावरणाची जाणीव नाही. हा निष्कर्ष सोयीचा आहे, खरा नाही.

बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुका पाहा. (कर पूर्ण भरणाऱ्यास दळण फुकट देणारे प्रसिद्ध पाटोदे निराळे, ते छत्रपती संभाजीनगरजवळचे.) मांजरा नदी याच तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. येथील नायगावच्या परिसरात १९९४ साली मयूर अभयारण्य जाहीर झाले. मोर काही शेतकऱ्याचा मित्र नव्हे. पेरलेले दाणे तो टिपतो, कोवळे कोंब खुडतो. तरी तो टिकून आहे. त्यामागे १९७२ च्या कायद्याचा धाक आहे, तशीच देवाच्या वाहनाविषयीची श्रद्धाही आहे. परंतु श्रद्धा ओंजळभर दाण्यांचे नुकसान सोसते. विहीर आणखी चार हात खोल नेणाऱ्याला ती अडवीत नाही. कारण त्याचा हिशेब साधा असतो: मी उपसले नाही, तर शेजारी उपसणारच.

हा हिशेब बदलता येतो, हे योगायोगाने दुसऱ्या एका नायगावाने दाखविले. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. तेथे पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, तर घरातील माणसांवर ठरला: माणशी अर्धा एकर, कुटुंबास कमाल अडीच एकर. भूमिहीनासही वाटा मिळाला. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जात नसे. उसाला मनाई होती. शेजारीही नियम पाळणार ही खात्री आणि आपला वाटा बुडणार नाही ही हमी, या दोन गोष्टींपुढे शंभर व्याख्याने फिकी पडतात. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली ज्या संशोधनाबद्दल अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्याचा गाभाही याहून फार वेगळा नाही.

पाटोद्याची अडचण अधिक बिकट आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. ज्यांनी भर उन्हात बांधबंदिस्तीची माती उपसली, तेच रब्बीच्या दिवसांत गावाबाहेर असतात. अडलेले पाणी विहीरवाल्याच्या पिकाला जाते. अशा माणसाने पुढच्या श्रमदानाला का यावे? त्याच्या अनास्थेला अज्ञान म्हणणे हा अन्याय आहे.

त्याला गावाच्या पाण्यात, गायरानातील गवतात आणि लावलेल्या झाडांच्या उत्पन्नात लेखी हिस्सा हवा. तो गावात असो वा फडावर. गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांना रोपे जगविण्याची मजुरी रोजगार हमीतून वेळेवर मिळावयास हवी. आणि ग्रामसभेने हा ठराव टोळ्या निघण्यापूर्वी, दसऱ्याच्या आत करावा. नंतरच्या सभेला ज्यांचा हिस्सा ठरावयाचा तेच हजर नसतात.