'मिस्टरी प्ले' म्हणजे रहस्यनाटक नव्हे!

मी विज्ञान शाखेचा. मित्राच्या इंग्रजी साहित्याच्या नोट्स चाळताना 'मिस्टरी प्ले' वाचलं आणि वाटलं, खुनाचा तपास वगैरे असणार. तसं काहीच नाही! आधी तीन संज्ञा नीट समजून घेऊ.

मिस्टरी : बायबलमधल्या कथांवरची मध्ययुगीन नाटकं.
मिरॅकल : संतांचं चरित्र आणि चमत्कार.
मोरॅलिटी : सद्गुण-दुर्गुण हीच पात्रं. उदा. 'एव्हरीमन'.

इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात मिस्टरी नाटकं कॉर्पस ख्रिस्ती या सणाला चाकांच्या गाड्यांवर व्हायची. एकेक प्रसंग एकेका व्यवसायाच्या गिल्डकडे, म्हणजे कारागीर संघाकडे असायचा. नोहाची नौका बांधण्याचा प्रसंग जहाज बांधणाऱ्यांकडे, येशूचं शेवटचं भोजन बेकरीवाल्यांकडे, तर क्रुसावर खिळण्याचा प्रसंग चक्क खिळे बनवणाऱ्यांकडे!

आता संशोधनाच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा. मिस्टरी आणि मिरॅकल हा भेद नंतरच्या अभ्यासकांनी केलेला आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये बायबलच्या नाटकांनाही 'मिरॅकल' म्हणत. या नाटकांसाठी 'मिस्टरी' हा शब्द इंग्रजीत अठराव्या शतकात आला. यॉर्कच्या जुन्या नोंदींत शब्द येतो तो 'पेजंट'. त्यामुळे तिथे कुणी फक्त 'मिस्टरी प्ले' शोधत बसला, तर हाती काही लागणार नाही आणि नाटकं होतच नव्हती, असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

म्हणून परीक्षेसाठी व्याख्या पाठ कराच. पण संशोधन करताना ही संज्ञा कोणाची आणि कधीची, हे आधी तपासा.