विळ्याची जखम आणि धनुर्वात

सुगीच्या दिवसांत विळ्याने बोट कापणे ही नित्याची बाब होय. अशा जखमेवर माती, शेण वा तंबाखू दाबण्याची प्रथा मात्र घातक आहे. कारण धनुर्वाताचे जंतू माती व शेणातच असतात आणि हवा न लागणाऱ्या खोल जखमेत वाढतात.

प्रथम स्वच्छ फडक्याने दाबून रक्त थांबवावे. नंतर जखम साबणाने व भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावी, पोव्हिडोन आयोडीन लावून पट्टी बांधावी. प्रतिजैविकाच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. त्या लसीची जागा घेऊ शकत नाहीत. जखमेत माती गेली असेल आणि शेवटची लस घेऊन ५ वर्षे उलटली असतील, अथवा ती आठवत नसेल, तर त्वरित प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. सूज, पू वा ताप दिसल्यासही विलंब करू नये.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी कापणीपूर्वीच ही माहिती घरोघर पोचवावी.